तिकिटं किती खपली, एवढाच हिशेब?

चंदीगडहून काल्क्याकडे जाताना चंडीमंदिर नावाचं छोटं स्टेशन लागतं. ज्या देवळावरून चंदीगडला नाव मिळालं, ते इथलंच. शेजारी लष्कराची मोठी छावणी आहे. पश्चिम कमांडचं मुख्यालय १९८५ मध्ये सिमल्याहून इथे हललं, त्यामुळे फौजेत मुलगा असलेल्या कितीतरी मराठी घरांना हा पत्ता ठाऊक असतो.

अशा स्टेशनावर मोजकेच लोक चढत-उतरत असतील, तर तिथे गाडी थांबवावी का? आणि जिथे वस्तीच विरळ, तिथवर प्रवासी रेल्वे न्यावी का? हे दोन प्रश्न नेहमी एकत्र विचारले जातात, पण ते वेगळे आहेत. चंडीमंदिरसारख्या ठिकाणी रूळ, सिग्नल, विजेची तार सगळं आधीपासून आहे. मोठ्या गावांच्या गाड्यांसाठी ते सांभाळावंच लागतं. तिथे पॅसेंजर थांबवण्याचा जादा खर्च म्हणजे काही मिनिटं आणि थोडी वीज. एवढ्यासाठी थांबा तोडणं योग्य नाही. विरळ वस्तीसाठी अख्खी लाइन टाकायची किंवा जगवायची, तेव्हा मात्र हिशेब खरोखर अवघड होतो.

त्याचं उदाहरण याच वाटेवर, थोडं पुढे आहे. काल्क्यापर्यंत रेल्वे १८९१ मध्ये पोचली आणि तिथून सिमल्याची ९६ किलोमीटरची डोंगरी लाइन १९०३ मध्ये सुरू झाली. बोगद्या-पुलांनी खर्च असा फुगला की, इतर मार्गांपेक्षा जास्त भाडं घेण्याची मुभा मिळूनही ती बांधणाऱ्या कंपनीला तो पेलवेना. १९०६ मध्ये सरकारने ती लाइन विकत घेतली. उन्हाळ्यात साम्राज्याचा कारभार सिमल्याहून चालायचा. सरकारला गाडी हवी होती, म्हणून तोटा आड आला नाही. २००८ मध्ये ही लाइन जागतिक वारशाच्या यादीत गेली.

ब्रिटिशांच्याच काळात, तेवढ्याच रुंदीच्या नॅरोगेज रुळांवरून वऱ्हाडात मूर्तिजापूर-यवतमाळ गाडी धावू लागली. हीच शकुंतला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती कापसासाठी उभारली. अचलपूरची शाखा धरून ती १८९ किलोमीटरची. मँचेस्टरला १९२१ मध्ये घडवलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. रूळ खासगी कंपनीचे आणि गाडी भारतीय रेल्वेची, अशा व्यवस्थेत दुरुस्ती रखडत गेली. रूळ झिजले, वेग घटला, प्रवासी एसटीकडे आणि काळी-पिवळीकडे वळले, आणि शेवटी गाडी थांबली. सिमल्याच्या वाट्याला आली तशी सरकारी निकड शकुंतलेच्या शेतमजुरांच्या वाट्याला कधी आली नाही.

प्रवासी वाहतुकीत तोटा फक्त आडरानातच होतो, असंही नाही. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात, असं रेल्वेने २०१६ मध्ये तिकिटांवरच छापलं होतं. उरलेला भार मुख्यतः मालवाहतूक उचलते. म्हणजे मदत सगळ्यांनाच मिळते. वस्तीविरळ भागाकडेच बोट दाखवण्यात न्याय नाही.

ब्रिटनने हा हिशेब कठोरपणे करून पाहिला. १९६३ च्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक स्टेशनं आणि सुमारे आठ हजार किलोमीटर मार्ग बंद करण्याची शिफारस केली. एडिंबरोहून दक्षिणेकडे जाणारा एक मार्ग १९६९ मध्ये बंद झाला. त्याचा एक भाग २०१५ मध्ये पुन्हा खर्च करून बांधावा लागला. बंद करणं स्वस्त असतं, परत आणणं महाग.

म्हणून प्रत्येक डोंगरावर रेल्वे न्यावी, असं मात्र नाही. वाडी-वस्ती विखुरलेली असेल तिथे दारापर्यंत येणारी एसटीच जास्त उपयोगाची. पण जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नसणं वेगळं. अहिल्यानगर-बीड-परळी ही २६१ किलोमीटरची लाइन १९९० च्या दशकात मंजूर झाली, निम्मा खर्च राज्याने उचलला, तरी आष्टीपर्यंत गाडी यायला सप्टेंबर २०२२ उजाडलं आणि बीडला यायला १७ सप्टेंबर २०२५. आता इथली तिकिटं मोजली जातील. त्याआधी गाड्या पुरेशा हव्यात, वेळा दवाखान्याच्या, कॉलेजच्या, बाजाराच्या सोयीच्या हव्यात आणि अहिल्यानगरला पुण्या-मुंबईच्या गाडीशी मेळ बसायला हवा. अवेळी धावणाऱ्या एका गाडीतले प्रवासी मोजून बीडची गरज कळणार नाही.