मत दिलं म्हणून कोणी चर्चबाहेर जात नाही

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की एक वाक्य हमखास कानावर येतं. टीव्हीवरच्या चर्चेत येतं, व्हॉट्सअपवर फिरतं, तिकडे स्थायिक झालेल्या नातेवाइकांच्या बोलण्यातही डोकावतं. ‘गर्भपाताचा हक्क मानणाऱ्या उमेदवाराला मत देणारा कॅथलिक आपोआप बहिष्कृत होतो, आणि धर्मगुरूने तसं मत दिलं तर त्याचं पदच जातं.’ हे सांगणारे दोन टोकांचे असतात. एकाला चर्च किती कर्मठ आहे हे दाखवायचं असतं, दुसऱ्याला देव आपल्याच पक्षाच्या बाजूने आहे हे पटवायचं असतं. दोघांचंही म्हणणं चूक आहे. संबंधित कागदपत्रं वर्षानुवर्षं सर्वांसाठी उघड असताना ही चूक दर चार वर्षांनी नव्याने फिरावी, याचा मला मनापासून राग येतो.

या गैरसमजाचं मूळ एका सरमिसळीत आहे. गर्भपात करणं किंवा करवून घेणं ही एक गोष्ट. त्याला मुभा देणारा कायदा करणं ही दुसरी. असा कायदा करणाऱ्या माणसाला मत देणं ही तिसरी. आणि धर्मगुरूने त्याचा जाहीर प्रचार करणं ही चौथी. चर्च या चारही गोष्टींकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतं. लोक मात्र पहिलीची शिक्षा तिसरीला लावतात आणि चौथीचा नियम तिसरीवर ढकलतात.

पुढचं वाचून कोणी असं समजू नये की गर्भपाताबद्दल चर्चची भूमिका मवाळ आहे. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने गर्भपाताची गणना अत्यंत भयंकर गुन्ह्यांत केली. जॉन पॉल दुसरे यांनी 1995 च्या परिपत्रकात तेच ठामपणे मांडलं, आणि उदार म्हणून ओळखले जाणारे पोप फ्रान्सिसही गर्भपाताला हत्याच म्हणत राहिले. या मुद्द्यावर चर्चमध्ये दोन मतं नाहीत. प्रश्न मतदाराचा आहे.

आधी बहिष्काराचं बघू. गर्भपाताबद्दल आपोआप लागू होणारी बहिष्काराची शिक्षा चर्चच्या कायद्यात, म्हणजे कॅनन लॉमध्ये, खरोखर आहे. 1983 च्या संहितेत ती 1398 व्या कलमात होती, 2021 च्या दुरुस्तीनंतर ती 1397 मध्ये गेली. पण ती आहे प्रत्यक्ष गर्भपात घडवून आणणाऱ्यासाठी. त्या कलमात मतदार नाही, आमदार-खासदारही नाही. आणि शिक्षा सांगणाऱ्या कलमांचा अर्थ काटेकोर, अक्षराला धरूनच लावायचा, ओढूनताणून वाढवायचा नाही, हे त्याच संहितेचं अठरावं कलम सांगतं. त्यामुळे ‘मत दिलं, म्हणून बहिष्कृत’ या वाक्याला चर्चच्या कायद्यात कुठेही आधार नाही.

मग मत देणं निदान पाप तरी आहे का? इथे 2004 सालचा एक कागद महत्त्वाचा ठरतो. त्या वर्षी जॉन केरी डेमोक्रॅट पक्षाचे उमेदवार होते. ते कॅथलिक, आणि गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे. सेंट लुईसचे आर्चबिशप रेमंड बर्क यांनी जाहीर केलं की आपण केरींना कम्युनियन, म्हणजे मिस्सा या उपासनेतला पवित्र प्रसाद, देणार नाही. अमेरिकेतल्या बिशपांमध्ये वाद पेटला, तेव्हा व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाचे प्रमुख कार्डिनल जोसेफ राट्झिंगर यांनी त्यांना एक टिपण पाठवलं. ते गोपनीय होतं, पण इटलीच्या ‘लेस्प्रेसो’ साप्ताहिकाने ते छापलं. राट्झिंगर म्हणजे पुढच्याच वर्षी झालेले पोप बेनेडिक्ट सोळावे. सैलपणाचा आरोप त्यांच्यावर त्यांच्या विरोधकांनीही कधी केला नाही.

त्या टिपणाच्या शेवटी मतदाराबद्दल मोजकीच वाक्यं आहेत. उमेदवार गर्भपाताला मुभा देतो, नेमक्या त्याच कारणासाठी कोणी त्याला मत दिलं, तर मतदार त्या दुष्कृत्यात हेतुपूर्वक सहभागी होतो आणि कम्युनियनला पात्र राहत नाही. पण मतदाराला उमेदवाराची ती भूमिका मान्य नसेल आणि त्याने दुसऱ्या कारणांसाठी मत दिलं, तर तो केवळ दूरचा, हेतू नसलेला हातभार ठरतो. तितक्याच तोलामोलाचं कारण असेल, तर तो चालू शकतो. म्हणजे सगळा भर मतदाराच्या हेतूवर आणि कारणाच्या वजनावर आहे.

डेमोक्रॅट पक्षाची सोय म्हणून काढलेली ही पळवाट आहे, असं काहींना वाटतं. नैतिक धर्मशास्त्राचा इतिहास थोडा तरी वाचावा. मालक दुष्कृत्य करायला निघालाय हे माहीत असूनही त्याला खिडकीतून आत चढायला खांदा देणारा नोकर किती दोषी, यावर सतराव्या शतकात घनघोर वाद झाला होता. त्यात नोकराला फारच सहज मोकळं सोडणारं एक मत 1679 साली पोप इनोसंट अकरावे यांनी धिक्कारलं. पुढे अठराव्या शतकात संत आल्फॉन्सस लिगोरी यांनी हेतुपूर्वक सहभाग आणि हेतूविना हातभार यांतला फरक बारकाईने मांडला. राट्झिंगरांनी तीच जुनी फूटपट्टी मतपेटीला लावली.

अमेरिकेच्या बिशप परिषदेनेही हेच स्वीकारलं. त्यांची नागरी कर्तव्यांविषयीची मार्गदर्शिका 2007 साली निघाली, आणि अध्यक्षीय निवडणुकीच्या आधी दर वेळी ती नव्या प्रस्तावनेसह काढली जाते. तिच्या 34 व्या परिच्छेदात दोन ताकिदी शेजारी शेजारी आहेत. पहिली अशी की दुष्कृत्याच्या समर्थनासाठी मत देऊ नका. दुसरी अशी की उमेदवार गर्भपाताच्या विरोधात आहे, एवढ्याच जोरावर बाकीच्या नैतिक प्रश्नांकडे पाठ फिरवू नका. ही दुसरी ताकीद सोयीस्करपणे गाळली जाते. पुढच्या परिच्छेदात, इतर गंभीर नैतिक कारणांसाठी अशा उमेदवाराला मत देणं वाजवी ठरू शकतं, असं स्पष्ट म्हटलंय. पक्षप्रेम किंवा स्वतःचा फायदा हे असं कारण होत नाही, असंही तिथेच लिहिलंय.

एखाद्या धर्मगुरूने याच्या उलट सांगितलं तर काय होतं, याचं उदाहरणही आहे. नोव्हेंबर 2008 मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलच्या एका धर्मगुरूने आपल्या धर्मग्रामातल्या लोकांना लिहिलं की ओबामांना मत दिलेल्यांनी प्रायश्चित्त घेतल्याशिवाय कम्युनियनला येऊ नये. चार्ल्सटन धर्मप्रांताचा कारभार पाहणाऱ्या वरिष्ठांनी थोड्याच दिवसांत जाहीरपणे सांगितलं की हे पत्र चर्चची शिकवण नीट मांडत नाही. ते पत्र आजही फिरतं, वरिष्ठांचा खुलासा मात्र फारसा कोणी पुढे पाठवत नाही.

पण उलट्या टोकाचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. ‘सदसद्विवेकबुद्धीला पटेल ते करा, असंच चर्च म्हणतं, म्हणजे विषय संपला.’ नाही, संपला नाही. चर्चच्या दृष्टीने ही बुद्धी घडवावी लागते. शिकवण वाचणं, वस्तुस्थिती समजून घेणं, प्रार्थना करणं, स्वतःच्या आवडीनिवडी बाजूला ठेवून पाहणं, इतकं सगळं त्यात येतं. तिचा खात्रीचा निर्णय पाळलाच पाहिजे असं चर्चची धर्मशिक्षणसंहिता सांगते, आणि निष्काळजीपणामुळे ती चुकली तर दोष माणसाच्या माथी येतो, असंही सांगते. 2004 च्या त्या टिपणात राट्झिंगरांनी हेही लिहिलंय की सगळे मुद्दे एकाच वजनाचे नसतात. एखादं युद्ध करावं की नाही किंवा देहदंड द्यावा की नाही, यावर कॅथलिकांमध्ये मतभेद असू शकतात; गर्भपात आणि दयामरणाबाबत तशी मोकळीक नाही. ‘चर्चला सगळे प्रश्न सारखेच’ असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य वगळू नये.

खरा मतभेद आहे तो ‘तोलामोलाचं कारण’ कशाला म्हणायचं यावर. डेन्व्हरचे तेव्हाचे आर्चबिशप चार्ल्स शपू यांच्या 2008 मधल्या म्हणण्याचा आशय असा होता की जन्मालाच न आलेली ती मुलं परलोकात समोर आली, तर त्यांना देता येईल असंच कारण हवं. दुसरीकडे शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी डिसेंबर 1983 मध्ये फोर्डम विद्यापीठातल्या भाषणात गर्भपात, युद्ध, देहदंड आणि गरिबी हे सगळे जीवनाचेच प्रश्न म्हणून एकत्र पाहायला हवेत, अशी मांडणी केली होती. त्यांना मानणाऱ्यांचा हिशेब वेगळा निघतो. माझ्या मते प्रामाणिक वाद इथेच व्हायला हवा. तो अवघड आहे, आणि बहिष्काराच्या अफवेने नेमका तोच टळतो. सप्टेंबर 2024 मध्ये सिंगापूरहून परतताना पोप फ्रान्सिस यांना विमानात हॅरिस आणि ट्रम्प यांच्याबद्दल विचारलं गेलं. एक गर्भातल्या जिवाच्या विरोधात आहे, दुसरा स्थलांतरितांना हाकलतो, दोघंही जीवनाच्या विरोधात आहेत, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. कमी वाईट कोण ते प्रत्येकाने आपल्या विवेकाने ठरवावं, आणि मत द्यावंच, असं ते म्हणाले.

गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा देणाऱ्या कॅथलिक राजकारण्यांचं प्रकरण निराळं आहे, आणि तिथे नियम कडक आहे. उघड, गंभीर पापाला हट्टाने चिकटून राहणाऱ्याला कम्युनियन देऊ नये, असं 915 वं कलम म्हणतं. पण ते कोणाला लागू करायचं हे अमेरिकेत प्रत्येक बिशप आपापल्या धर्मप्रांतात ठरवतो. म्हणून मे 2022 मध्ये आर्चबिशप कॉर्डिलिओनी यांनी अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसींना सॅन फ्रान्सिस्कोत कम्युनियन बंद केलं, आणि पुढच्याच महिन्यात व्हॅटिकनमध्ये पोपच्या उपस्थितीतल्या मिस्सात त्यांना ते मिळालं. ऑक्टोबर 2019 मध्ये बायडन यांना दक्षिण कॅरोलिनातल्या एका चर्चमध्ये ते नाकारलं गेलं. पुढे वॉशिंग्टनचे तेव्हाचे कार्डिनल ग्रेगरी यांनी आपण नाकारणार नाही असं सांगितलं. इलिनॉय राज्यातले सिनेटर डिक डर्बिन यांना स्प्रिंगफील्डमध्ये 2004 पासून कम्युनियन मिळत नाही, आणि त्याच राज्यात शिकागोचे कार्डिनल सूपिच 2025 मध्ये स्थलांतरितांसाठीच्या कामाबद्दल त्यांचा गौरव करणार होते. वाद वाढल्यावर डर्बिन यांनीच तो पुरस्कार नाकारला. कम्युनियन नाकारलं जाणं म्हणजे बहिष्कार नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. वर नाव आलेल्यांपैकी एकाही राजकारण्याला बहिष्कृत केलेलं नाही.

आता धर्मगुरूंकडे वळू. धर्मगुरूला मताचा हक्क आहे, त्याचं मत गुप्त आहे, आणि इतर कॅथलिकाला लागू असलेली हेतूची आणि कारणाची कसोटीच त्यालाही लागू आहे. त्याच्यावरची खास बंधनं वेगळी आहेत. 285 व्या कलमानुसार तो राज्यसत्तेचा भाग असलेलं पद घेऊ शकत नाही. 287 व्या कलमानुसार, चर्चच्या हक्कांसाठी किंवा सार्वजनिक हितासाठी वरिष्ठांना गरज वाटल्याखेरीज, तो पक्षात सक्रिय होऊ शकत नाही. ही बंधनं वसईतही तीच आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या आंदोलनाचं नेतृत्व केलं, सत्ताधाऱ्यांशी उघड झुंज घेतली. हे सगळं त्यांनी पदाच्या किंवा पक्षाच्या राजकारणात न शिरता केलं.

याबाबत रॉबर्ट ड्रायनन यांचं नाव नेहमी घेतलं जातं आणि नेहमी अर्धवट सांगितलं जातं. हे जेझुइट धर्मगुरू 1971 पासून दहा वर्षं मॅसॅच्युसेट्सचे काँग्रेस सदस्य होते, आणि गर्भपातविषयक मतदानात ते हक्काच्या बाजूने उभे राहत. 1980 साली धर्मगुरूंनी निवडून येण्याच्या पदांवर राहू नये असा रोमचा आदेश आला, त्यांनी पुन्हा उमेदवारी केली नाही, आणि ते धर्मगुरू राहिले. ‘गर्भपातामुळे काढलं’ असं सांगितलं जातं. त्यांच्या भूमिकेवर अनेकांचा रोष होता हे खरं. पण आदेश निवडून येणाऱ्या सगळ्याच धर्मगुरूंसाठी होता. निकाराग्वात अर्नेस्तो कार्देनाल आणि इतर धर्मगुरूंना मंत्रिपद न सोडल्याबद्दल पुढे निलंबित केलं गेलं, तिथे गर्भपाताचा प्रश्नच नव्हता. आणि शिस्तीचा बडगा एकाच बाजूवर पडतो असंही नाही. गर्भपातविरोधी चळवळीतले आणि ट्रम्प यांचे उघड समर्थक फ्रँक पॅव्होन यांचं धर्मगुरूपद 2022 मध्ये व्हॅटिकनने काढून घेतलं. कारण दिलं होतं समाजमाध्यमांवरची ईश्वरनिंदक भाषा आणि बिशपची सततची अवज्ञा.

उरलेले गैरसमज थोडक्यात. जोगिणी म्हणजे सिस्टर या धर्मगुरुवर्गात येत नाहीत, त्यामुळे त्यांनी उमेदवाराला पाठिंबा दिला की ‘धर्मगुरूंचा पाठिंबा’ अशी बातमी देणं चुकीचं आहे. कॅथलिक मतांचा गठ्ठा नाही. 2020 मध्ये ही मतं बायडन आणि ट्रम्प यांच्यात जवळजवळ निम्मीनिम्मी वाटली गेली, आणि प्यू रिसर्च सेंटरच्या पाहण्यांत निम्म्याहून अधिक अमेरिकी कॅथलिक बहुतेक प्रसंगी गर्भपात कायदेशीर असावा असं म्हणतात. व्यासपीठावरून गर्भपाताविरुद्ध बोललं की चर्चची करसवलत जाते, हेही खरं नाही. 1954 च्या जॉन्सन दुरुस्तीचा रोख उमेदवारांच्या प्रचारावर होता, प्रश्नांवर बोलण्यावर नाही. जुलै 2025 मध्ये अमेरिकेच्या करखात्याने न्यायालयात, उपासनेत आपल्याच अनुयायांपुढे उमेदवाराबद्दल बोलायला हरकत नाही, अशी भूमिका घेतली, तेव्हा बिशप परिषदेने लगेच कळवलं की कॅथलिक चर्च कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देणार नाही आणि कोणाला विरोधही करणार नाही.