गोळी आणि दुधाचा पेला

सटाण्यात ओट्यावर बसलेल्या आजोबांचा हात थरथरला, की घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ पण डाळिंब सोलताना थांबणारी थरथर हात मांडीवर निवांत ठेवल्यावर पुन्हा सुरू होत असेल आणि चालही आखडली असेल, तर तो कंपवात असू शकतो. मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी त्यात मरत जातात.

मग डोपामिनच का देत नाहीत? कारण रक्तातून ते मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं आणि आत त्याचं डोपामिन होतं. वाटेतच लेव्होडोपा खर्ची पडू नये म्हणून सोबत कार्बिडोपा. आजार मात्र याने थांबत नाही, हालचाल सुधारते.

गंमत म्हणजे हेच लेव्होडोपा खाजकुइलीच्या बियांत असतं. अंगाला लागली की जीव नकोसा करणारी तीच वेल! मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये ते वेगळं काढलं. पण म्हणून बियांचं चूर्ण फाकू नये. मात्रेचा भरवसा नसतो.

खरी गोम लेव्होडोपाची गोळी घेण्याच्या वेळेत आहे. दूध-डाळीतल्या प्रथिनांपासून बनणारी अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच दाराने रक्तात जातात. दुधाच्या पेल्याबरोबर घेतलेली गोळी त्या गर्दीत अडकते. म्हणून शक्यतो जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर. मळमळलं तर सोबत एखादं बिस्किट.

बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करू नका. अंग ताठरून, ताप चढून जिवावर बेतू शकतं. सटाण्यातल्या देवमामलेदारांच्या यात्रेत फिरतानाही आजोबांच्या खिशात गोळ्यांची पट्टी असू द्या.