बोलके भित्तिपत्रक

मुलांनो, रस्त्याने जाताना दुकानांच्या भिंतींवर आणि बसथांब्यांवर तुम्ही किती तरी पोस्टरे पाहता. त्यांतली काही लक्षात राहतात. काहींकडे आपण वळूनही पाहत नाही. असे का बरे होते? लक्षात राहणारे पोस्टर आपल्याशी बोलते. त्यावरील चित्र, अक्षरे आणि रंग मिळून एकच गोष्ट सांगतात. पोस्टरला मराठीत भित्तिपत्रक म्हणतात. बोलके भित्तिपत्रक तयार करणे ही एक कला आहे. ती वर्गात, स्वतःच्या हातांनी काम करून शिकता येते.

२ नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये सुट्टी असते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. १८३४ साली याच दिवशी 'अॅटलास' नावाचे जहाज भारतीय मजुरांना घेऊन पोर्ट लुईला आले. त्यानंतर १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख लोक करारावर भारतातून येथे आले. मुंबई बंदरातून निघालेले आपले मराठी पूर्वजही त्यांच्यात होते. समजा, या दिवसासाठी तुमच्या वर्गाने एक प्रकल्प हाती घेतला. त्याचे नाव 'आमच्या घरची वडील माणसे'. प्रत्येकाने घरातील एका वडील माणसाचा फोटो काढायचा, त्यांच्याविषयी चार ओळी लिहायच्या आणि दोन्ही गोष्टी एका मोठ्या कागदावर मांडायच्या. मग सगळी भित्तिपत्रके शाळेच्या व्हरांड्यात लावायची. सांगा पाहू, कामाला सुरुवात कशी कराल?

लगेच कॅमेरा उचलू नका. आधी ठरवा, की पाहणाऱ्याला काय सांगायचे आहे? ते एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, 'माझ्या आजीने तीस वर्षे उसाच्या शेतात काम केले.' हे वाक्य लिहिले, की फोटो कसा हवा हे आपोआप कळते. आजीच्या डोक्यावर तिची शेतातली टोपी असावी. हातात कोयता असावा. दूरचित्रवाणी संचासमोर बसलेल्या आजीचा फोटो कितीही छान आला, तरी या वाक्याला तो शोभणार नाही.

आता फोटोकडे वळू. 'फोटोग्राफी' हा शब्द दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. त्याचा अर्थ प्रकाशाने लिहिणे. फोटोला मराठीत छायाचित्र म्हणतात. प्रकाश चित्र कसे काढतो, हे पाहण्यासाठी एक प्रयोग करा. बुटांचे रिकामे खोके घ्या. त्याच्या एका लहान बाजूला टाचणीने भोक पाडा. समोरच्या बाजूला चौकोनी खिडकी कापा आणि तिच्यावर तेल लावलेला पातळ कागद चिकटवा. खोक्याला झाकण लावा. आता डोक्यावर आणि खोक्याच्या कागदाच्या बाजूवर जाड कापड घ्या आणि भोक उन्हातल्या झाडाकडे करा. कागदावर झाडाचे छोटेसे चित्र दिसेल, आणि तेही उलटे! प्रकाश सरळ रेषेत जातो. झाडाच्या शेंड्याकडून आलेला प्रकाश भोकातून खाली उतरतो आणि बुंध्याकडून आलेला प्रकाश वर चढतो. म्हणून चित्र उलटे दिसते. याला सूचिछिद्र कॅमेरा म्हणतात. तुमच्या घरच्या मोबाईलमधील कॅमेराही याच तत्त्वावर चालतो. त्यात भोकाच्या जागी भिंग असते आणि कागदाच्या जागी प्रकाश टिपणारा छोटासा इलेक्ट्रॉनिक भाग असतो.

म्हणजे फोटो काढणारा खरा चित्रकार प्रकाश आहे. तेव्हा फोटो काढण्यापूर्वी विचारा, 'प्रकाश कोठून येत आहे?' आजी खिडकीकडे पाठ करून बसली, तर खिडकी झगझगीत दिसेल आणि आजीचा चेहरा काळपट येईल. तिला खिडकीकडे तोंड करून बसवा. भर दुपारी ऊन डोक्यावरून पडते. त्यामुळे डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि माणूस डोळे बारीक करतो. सकाळची किंवा संध्याकाळची वेळ चांगली. दुपारच्या वेळी व्हरांड्यातल्या सावलीत बसवले, तरी चेहरा छान उजळतो. फोटो काढताना दोन्ही कोपरे अंगाला टेकवा आणि क्षणभर श्वास रोखा. हात हलला, की फोटो पुसट येतो.

आता चौकट पाहा. फोटोच्या चौकटीवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा आहेत, अशी कल्पना करा. नऊ चौकोन तयार होतील. या रेषा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे आजीचा चेहरा आणा. अगदी मध्यभागी ठेवलेल्या चेहऱ्यापेक्षा तो पुष्कळदा जिवंत वाटतो आणि दुसऱ्या बाजूला उसाचे शेत दाखवायला जागा मिळते. मागे काय आहे, तेही तपासा. मागे विजेचा खांब असेल, तर तो आजीच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसेल! अशा वेळी तुम्ही दोन पावले बाजूला सरका.

फोटो छापून आणल्यावर त्यातील नको असलेला भाग काढून टाकता येतो. पण लगेच कात्री लावू नका. पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या कापा. त्या फोटोवर समोरासमोर ठेवल्या, की लहान-मोठी होणारी चौकट तयार होते. ती सरकवत राहा. कोणता भाग ठेवल्यावर तुमचे वाक्य सर्वांत स्पष्ट होते, ते पाहा. मगच पेन्सिलीने खूण करा.

येथे दोन गोष्टी कधी विसरू नका. पहिली गोष्ट, परवानगी. कोणाचाही फोटो काढण्यापूर्वी त्यांना विचारा आणि तो कोठे लावणार आहात, हेही सांगा. 'आजी, तुझा फोटो शाळेत लावू का?' असे विचारल्यावर ती 'नको' म्हणाली, तर तिचा मान राखा. तिच्या हातांचा किंवा तिच्या टोपीचा फोटो चालेल का, ते विचारा.

दुसरी गोष्ट, नाव. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहालयात करारावर आलेल्या मजुरांच्या नोंदवह्या आणि जुनी छायाचित्रे जपून ठेवली आहेत. १८६७ च्या एका कायद्यानुसार, करार पूर्ण केलेल्या मजुराला स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसेल, तर त्याला पकडत असत. ते छायाचित्र त्याच्या आनंदासाठी काढलेले नव्हते. त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी काढलेले होते. पण प्रत्येक मजुराला एक क्रमांक दिलेला होता आणि त्या क्रमांकासमोर नोंदवहीत त्याचे नाव व गाव लिहिलेले होते. म्हणून आज त्यांच्या घराण्यातील माणसे तेथे जातात, शोध घेतात आणि आपले खापरपणजोबा कोणत्या गावाहून आले, हे त्यांना कळू शकते. क्रमांक आणि नाव नसते, तर त्या छायाचित्रातील माणूस कोणाचा, हे कोणी सांगितले असते? तुमच्या घरच्या जुन्या पेटीतही असे काही फोटो असतील. त्यांतली माणसे कोण, हे आज फक्त आजीला माहीत असेल. तिला विचारा आणि लिहून ठेवा.

म्हणून भित्तिपत्रकावर फोटोखाली तीन गोष्टी नक्की लिहा. माणसाचे नाव, गाव आणि फोटो काढल्याचे वर्ष.

आता अक्षरांकडे येऊ. तुम्ही शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच लिहिता, तेव्हा रोमन लिपी वापरता. मराठीची लिपी देवनागरी आहे. तिचे नियम थोडे वेगळे आहेत. देवनागरीत शब्द शिरोरेषेला टांगलेला असतो. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार येतात. तळाशी उकार येतो. 'कुटुंब' हा शब्द लिहून पाहा. त्यात उकारही आहेत आणि अनुस्वारही आहे. दोन ओळी फार जवळ घेतल्या, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वाराला जाऊन भिडतो आणि वाचणारा अडखळतो. यासाठी मराठी ओळींमध्ये अंतर जास्त ठेवा. आणखी एक गोष्ट. रोमन अक्षरे थोडी दूर दूर लिहिली, तरी चालतात. देवनागरी अक्षरे दूर केली, तर शिरोरेषा तुटते आणि एका शब्दाचे तुकडे झाल्यासारखे दिसतात. शीर्षक मोठे हवे असेल, तर अक्षरे पसरू नका. त्यांची उंची वाढवा. मोजपट्टीने आधी फिकट रेषा आखा आणि मग अक्षरे काढा.

सगळी अक्षरे एकाच आकाराची नकोत. शीर्षक सर्वांत मोठे, नाव त्याहून लहान आणि चार ओळी त्याहून लहान. असे केले, की आधी काय वाचायचे, हे पाहणाऱ्याला न सांगता कळते.

रंग निवडताना अक्षरे कशावर आहेत, ते पाहा. पिवळ्या कागदावर काळी अक्षरे दुरून दिसतात. त्याच कागदावर पांढरी अक्षरे जवळूनही दिसत नाहीत. दोन-तीन रंग पुरेत. आपल्या देशाच्या झेंड्यात लाल, निळा, पिवळा आणि हिरवा असे चारच साधे पट्टे आहेत. म्हणूनच तो लांबूनही ओळखू येतो.

आणि कागद पूर्ण भरू नका! मोकळी जागा वाया जात नाही. ती डोळ्यांना विसावा देते. पोर्ट लुई येथील ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ सालची मॉरिशसची दोन प्रसिद्ध टपाल तिकिटे आहेत. एक नारिंगी आणि एक निळे. जोसेफ बर्नार्ड या कारागिराने ती कोरली. एवढ्याशा कागदावर त्याने काय घातले? मधोमध राणीचा चेहरा आणि चार बाजूंना चार छोटे मजकूर. टपाल खर्च, किंमत, पोस्ट ऑफिस आणि देशाचे नाव. बस, एवढेच. जे सांगायलाच हवे तेवढे सांगितले आणि बाकीचे सोडून दिले. संग्रहालयात या मूळ तिकिटांवर दर तासाला थोडाच वेळ दिवा लावतात, कारण प्रकाशाने रंग फिके पडतात. तुमची भित्तिपत्रकेही थेट ऊन येईल तेथे लावू नका, बरे का!

भित्तिपत्रक तयार झाले, की ते भिंतीला लावा आणि दहा पावले मागे जा. शीर्षक वाचता येते का? मग खालच्या इयत्तेतील एखाद्या मुलाला बोलवा आणि विचारा, 'तुला आधी काय दिसले? ही बाई कोण, असे तुला वाटते?' त्याने तुमच्या मनातले वाक्य सांगितले, तर तुमचे काम साधले. तसे झाले नाही, तर त्याला समजावत बसू नका. प्रदर्शनाच्या दिवशी प्रत्येक पाहुण्याला समजावायला तुम्ही तेथे उभे नसाल. भित्तिपत्रकातच बदल करा.

प्रदर्शन संपल्यावर फोटो फेकू नका. त्याच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि वर्ष लिहा आणि तो घरी जपून ठेवा. पुढे कधी तरी तुमच्याच घरातले एखादे मूल तो हातात घेईल. तेव्हा त्याला विचारावे लागू नये, की ही आजी कोणाची?

स्वाध्याय

१. भित्तिपत्रक करताना सर्वांत आधी काय ठरवावे? का?
२. सूचिछिद्र कॅमेऱ्यात चित्र उलटे का दिसते?
३. भर दुपारच्या उन्हात काढलेला फोटो चांगला का येत नाही?
४. मराठी ओळींमध्ये जास्त अंतर का ठेवावे लागते? 'कुटुंब' शब्द लिहून दाखवा.
५. घरातील एक जुना फोटो शोधा. त्यातील माणसांची नावे वडील मंडळींना विचारून वहीत लिहा.