पान्हा फुटेपर्यंतचे तीन दिवस

नागपुरात सक्करदरा चौकाजवळ उमरेड रोडवर शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना सुश्रुतसंहिता शिकावी लागते. तिच्या शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात बाळंतिणीला दूध तीन किंवा चार रात्रींनंतर येतं, असं स्पष्ट सांगितलं आहे. इतकं जुनं निरीक्षण हाताशी असूनही आजची बाळंतीण दुसऱ्याच दिवशी ऐकते, "हिला दूधच नाही वं!" संध्याकाळपर्यंत पावडरचा डबा घरात येतो.

दूध कुठून येतं, हे नीट समजलं तर हा डबा बऱ्याचदा टळेल. गरोदरपणाच्या मध्यापासूनच स्तनांत चीक तयार व्हायला लागतो. पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक भरपूर दुधाला अडवून धरतं. वार पडली की त्याची पातळी झपाट्याने उतरते, दूध तयार करवणाऱ्या प्रोलॅक्टिनला मोकळीक मिळते आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्तन भरून येतात. तोवर येणारा चीक एका वेळी चमचाभरच असतो आणि पहिल्या दिवशी बाळाची गरजही तेवढीच असते.

72 तास उलटूनही स्तन भरले नाहीत, तर मात्र उशीर झाला असं डॉक्टर मानतात. पहिलटकरीण, लांबलेल्या कळा, सिझर, वाढलेलं वजन, मधुमेह ही त्याची नेहमीची कारणं. दूध बनवणाऱ्या पेशींना इन्सुलिनचीही साथ लागते, म्हणून मधुमेही आईकडे आधीपासून लक्ष हवं. वारेचा तुकडा आत राहिला असेल तर तो निघेपर्यंत शरीराला बाळंतपण संपल्याची खूणच मिळत नाही. फार रक्तस्राव झाला तर मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीला इजा होऊ शकते. यातल्या एकाही कारणात आईचा दोष नाही, आणि हे तिच्या सासूने, आईने, नवऱ्याने तिच्यासमोर बोलून दाखवायला हवं.

अळीवाची खीर, मेथीचे आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीच्या अंगाला लागतात, ते जरूर द्यावेत. पण स्तन रिकामे होत नसतील तर लाडवांनी दूध वाढत नाही. ते वाढतं बाळाच्या ओढण्याने. जन्मानंतर तासाभरात बाळ उघड्या छातीवर, मग दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजणं, आणि बाळ ओढत नसेल तर हाताने चीक पिळून वाटी-चमच्याने देणं, हा खरा उपचार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण पहिल्या तासात स्तनपान मिळालेली बाळं फक्त 41.8 टक्के. दवाखान्यात पोहोचलेल्या आईला तिथेच ही मदत मिळू नये, हे मला फार खटकतं.

दूध येईपर्यंतच्या दिवसांत बाळाला मध चाटवण्याची रीत सुश्रुताच्याही ग्रंथात आहे. पण मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्याला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध नको. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा "लेकराला घोटभर पाणी तर द्या" असा आग्रह होतो. सहा महिन्यांपर्यंत तेही नको. उन्हात पाणी आईने प्यावं, बाळाला अधिक वेळा छातीशी घ्यावं.

तरीही अंगावरचंच द्यायचं म्हणून डोळे मिटून वाट पाहणं धोक्याचं. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा अशी लघवी वाढत जाऊन पाचव्या दिवसापासून किमान सहा दुपटी ओली व्हायला हवीत, काळी शी पिवळी व्हायला हवी. बाळ सुस्त पडलं, लघवी थांबली, तिसऱ्या दिवसानंतरही दुपट्यावर विटकरी डाग दिसले किंवा वजन 10 टक्क्यांनी घटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अंगात पाणी कमी होऊन रक्तातलं सोडियम चढलं, तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

अशा वेळी वरचं दूध हे औषधच, पण मोजून दिलेलं. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढ्यांत दान आलेलं दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या, आजारी बाळांना दिलं जातं. ते नसेल तर डॉक्टर सांगतील तेवढी पावडर, बाटलीऐवजी वाटी-चमच्याने. आणि वरचं जितक्या वेळा द्याल, तितक्या वेळा आईचं दूध पिळून काढायचं. उशिरा उतरणारं दूध पुष्कळदा पहिल्या आठवड्यात येतं, आणि मग वजन तपासत वरचं कमी करत नेता येतं.