अवयव हाती नसताना: विसावी फर्मा संख्या

गेल्या भागात मूळ संख्या ओळखण्याच्या कसोट्या पाहिल्या. त्यांचा सर्वांत चकित करणारा निकाल विसाव्या फर्मा संख्येबाबतचा आहे. २ चा विसावा घात म्हणजे १०,४८,५७६; २ चा तितकावा घात घेऊन त्यात १ मिळवला की ही ३,१५,६५३ अंकी संख्या येते. ती मूळ नसून संयुक्त आहे, हे जेफ यंग आणि डंकन ब्यूएल यांनी १९८७ साली सिद्ध केले. पण १ आणि ती स्वतः सोडून तिला कोणत्या संख्येने भाग जातो, हे आजवर कुणालाही सांगता आलेले नाही. मग तिला संयुक्त म्हणायचे ते कशाच्या बळावर? माझ्या मते हे ज्ञान अर्धवट मुळीच नाही. अवयव समोर ठेवून केलेल्या सिद्धतेइतकेच ते पक्के आहे.

विसाव्या घाताच्या जागी शून्यावा, पहिला, दुसरा असा कोणताही घात घेतला की त्या क्रमांकाची फर्मा संख्या मिळते. या कुळातल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात, असे फर्माला वाटत होते. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ तशा आहेतही. पण त्यांच्या पुढच्या ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने भाग जातो, हे ऑयलरने १७३२ साली दाखवले. अवयवच दिसल्यावर वाद उरला नाही. १८७७ साली पेपँने निराळी वाट दाखवली. ३ नंतरची कोणतीही फर्मा संख्या घ्या, तिच्यातून १ वजा करून निम्मे करा आणि ३ चा तितकावा घात त्या संख्येने भागा. संख्या मूळ असेल तर बाकी तिच्याहून बरोबर एकने कमी येते. मूळ नसेल तर ती बाकी कधीच येत नाही. १७ साठी ३ चा आठवा घात ६,५६१ होतो आणि बाकी १६ उरते. ऑयलरच्या संख्येला हीच कसोटी लावली तर बाकी १,०३,२४,३०३ येते, म्हणजे ६४१ चा मागमूस नसतानाही निकाल लागतो. इथे ३ ची निवड महत्त्वाची आहे, कारण २ वर आधारलेल्या साध्या कसोटीतून प्रत्येक फर्मा संख्या, संयुक्त असली तरी, सहीसलामत सुटते. विसाव्या संख्येसाठी ३ पासून १०,४८,५७५ वेळा वर्ग करत जायचे आणि दर वेळी फक्त बाकी ठेवायची.

इतक्या लांबलचक गणितात संगणक एकदा जरी चुकला तरी सगळे फुकट, ही शंका रास्त आहे. म्हणूनच असे गणित वेगळ्या यंत्रांवर पुन्हा करून शेवटची बाकी ताडून पाहतात. चोविसाव्या संख्येच्या वेळी तर तिसरी, केवळ पूर्णांकांनी केलेली पडताळणीही जोडली होती. शिवाय ४,९३३ अंकी चौदाव्या संख्येचा दाखला आहे. ती संयुक्त असल्याचे १९६०च्या दशकातच ठरले होते. तिचा पहिला अवयव, तोही ५४ अंकी, २०१० साली सापडला आणि जुना निकाल जसाच्या तसा टिकला.

‘पण यातून नकारापलीकडे काय कळले?’ असेही कुणी विचारेल. या संख्येविषयी आपल्याला बरेच कळलेले आहे. तिचा शेवटचा अंक ७ आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही फर्मा संख्येशी तिचा सामाईक अवयव नाही. ल्युकाच्या निष्कर्षानुसार तिचा प्रत्येक मूळ अवयव ४१,९४,३०४ च्या पटीहून एकने मोठा असला पाहिजे, म्हणून लहान संख्यांनी भागून पाहणे व्यर्थच आहे. संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणे आणि तिचे अवयव पाडणे, हे मुळात दोन वेगळे प्रश्न आहेत. कानपूरच्या आयआयटीतील अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ साली पहिल्या प्रश्नासाठी अशी रीत दिली, की संख्येतले अंक वाढले तरी लागणारा वेळ आवाक्याबाहेर उसळत नाही. दुसऱ्यासाठी नेहमीच्या संगणकावर चालणारी तशी रीत अजून कुणाला सापडलेली नाही. त्यामुळे विसाव्या फर्मा संख्येला मूळ अवयव दोनच आहेत की अनेक, आणि त्यांतला एखादा दोनदा येतो का, हे प्रश्न अजून खुलेच आहेत.