बटणाची पोंच

पत्र पोंचलें, पण त्याची पोंच आली नाहीं, तर पाठविणाराच्या लेखीं तें हरवल्यासारखेंच. टेलिग्रामवर माणसांशीं आपोआप संभाषण करणारा जो प्रोग्रॅम, ज्यास ‘बॉट’ म्हणतात, त्याच्या बटणासही हाच न्याय लागू पडतो.

समजा, एका सार्वजनिक वाचनालयानें पायथन भाषेंत असा बॉट लिहविला. वर्गणीदारानें ग्रंथाचें नांव कळविलें कीं, उत्तराखालीं ‘राखून ठेवा’ आणि ‘नको’ अशीं दोन बटणें दिसतात. एका वयोवृद्ध वर्गणीदारांनीं पहिलें बटण दाबलें. प्रतीक्षेची खूण बराच वेळ राहिली आणि मावळली. उत्तर कांहीं नाहीं. आपलेंच बोट चुकलें असें समजून त्यांनीं थोड्या थोड्या वेळानें तें आणखी दोनदां दाबलें. दुसऱ्या दिवशीं एकच ग्रंथ त्यांच्या नांवावर तीनदां नोंदलेला निघाला. बोट चुकलें नव्हतें. चुकला होता तो प्रोग्रॅम.

असें कां झालें? बटण दाबणें म्हणजे संदेश लिहिणें नव्हे. २०१६ च्या एप्रिलांत टेलिग्रामनें हीं बटणें आणलीं, तेव्हांपासून प्रत्येक दाबण्यासरशीं ‘कॉलबॅक क्वेरी’ नांवाची निराळी वर्दी प्रोग्रॅमकडे जाते. बटणास चिकटविलेला छुपा मजकूर तींत असतो. प्रोग्रॅमचीं कर्तव्यें दोन: सांगितलेलें काम करणें आणि वर्दीची पोंच देणें. वाचनालयाच्या प्रोग्रॅमनें पहिलें केलें, दुसरें केलें नाहीं.

पोंच देण्याची ओळ लिहिलेली असूनही ती निष्फळ ठरते, हा प्रकार विशेष फसवा. ‘पायथन-टेलिग्राम-बॉट’ या तयार साधनसंग्रहाच्या २०२३ च्या आरंभीं आलेल्या २० व्या आवृत्तीपासून अशा आज्ञेपूर्वीं ‘अवेट’ हा शब्द लिहावा लागतो. तो राहिला, तर आज्ञा नुसती तयार होते, बजावली जात नाहीं. पायथन केवळ एक सूचना छापून पुढें जातो. पोंच फार उशिरां दिली, तर टेलिग्राम ती ‘क्वेरी जुनी झाली’ म्हणून नाकारतो. म्हणून आधीं पोंच, मग काम.

वर्दी कामापर्यंत आलीच नाहीं असें वाटल्यास वाटेवरील नाकीं क्रमानें तपासावींत. पहिलें नाकें बटण पाठविण्याचें. छुप्या मजकुरास ६४ बाइटांची मर्यादा आहे, आणि देवनागरींतील प्रत्येक वर्ण, मात्रा व हलन्तचिन्ह ३ बाइट घेतें. ‘ज्ञानेश्वरी’ हीं डोळ्यांस दिसणारीं चार अक्षरें ३३ बाइट व्यापतात! मर्यादा ओलांडली, तर संदेशच नाकारला जातो. यास्तव बटणांत ग्रंथाचें नांव न घालतां त्याचा नोंदवहींतील क्रमांक घालावा.

दुसरें नाकें परवानगीचें. कोणत्या प्रकारच्या वर्द्या हव्यात याची यादी दिली असून तींत कॉलबॅक क्वेरीचें नांव नसेल, तर ती येणारच नाहीं. तिसरें नाकें वांटणीचें. छुप्या मजकुराचा आरंभ पाहून वर्दी त्या त्या कामाकडे जाते, आणि एका गटांत जुळणारें पहिलेंच काम तिला उचलतें. ‘राखा’ या खुणेनें ‘राखारद्द’ हा मजकूरही पकडला जातो. खुणेचा शेवटही बांधून द्यावा. प्रत्येक कामाच्या पहिल्या ओळींत नोंद छापण्याची व्यवस्था केली, म्हणजे वर्दी कोठें अडली तें कळतें.

आतां राहिली तिहेरी नोंद. पोंच वेळेवर दिली, तरी अधीर माणूस दोनदां दाबणारच. म्हणून त्याच वर्गणीदाराच्या नांवावर तोच ग्रंथ आधींच राखला असेल, तर नवी नोंद न करतां ‘ग्रंथ आपणांसाठीं राखला आहे’ एवढेंच सांगावें. बटण दाबणाऱ्यास प्रोग्रॅम दिसत नाहीं, आपलें बोट तेवढें दिसतें. तें चुकलें नाहीं, हें त्यास तत्काळ कळविणें हेंच पोंचेचें खरें काम होय.