हप्ता आणि कासव

ट्रॉलचं जाळं वर आलं की खलाशी आधी खोल्याची, म्हणजे जाळ्याच्या टोकाच्या पिशवीची, गाठ सोडतात आणि सगळा ढीग फळीवर ओतला जातो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर कोळंबी, बांगडा, म्हाकूळ टोपल्यांत वेगळे होत होते. उरली बोटभर पिल्लं, खेकडे, चिरडलेली बारीक मासळी. हा कुटा. तो भुकटीच्या कारखान्यात जातो, तिथून पशुपक्ष्यांच्या नि कोळंबीच्या खाद्यात.

मी रायपूरचा. समुद्र आमच्यापासून लांब, पण प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचा पैसा आमच्या तलावांवर, जलाशयांतल्या पिंजऱ्यांवरही येतो. 2020 साली 20,050 कोटींची ही योजना आली ती 220 लाख टन मासळीचं लक्ष्य घेऊन. कोकणात त्याच्या कितीतरी आधीपासून राष्ट्रीय सहकार विकास निगमाचं कर्ज सोसायट्यांमार्फत यांत्रिक नौकांना मिळत आलंय. त्यानं कोळ्याच्या वल्ह्याला इंजिनाची जोड मिळाली, हे चांगलंच झालं. पण मासळी लागो न लागो, हप्ता चुकत नाही. एक तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, म्हणाला, "जवळ मासळी राहिली नाय, म्हणून लांब जातो. डिझेल वाढतं, मग जाळं जास्त वेळ ओढायला लागतं."

त्या जास्तीच्या वेळात कासव मरतं. ऑलिव्ह रिडलेला श्वासासाठी वर यावंच लागतं. जाळ्यात अडकून राहिलं की ते गुदमरतं. निपचित कासव तसंच पाण्यात लोटलं तर बुडतं. मागची बाजू थोडी उंच करून, ओल्या पोत्याखाली सावलीत ठेवलं, तर जगण्याची आशा असते.

संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापलं तर 2018 पासून महाराष्ट्रात 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. योजना मोलाची आहे, पण ती कासव अडकल्यावर कामाला येते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं बनवलेली टीईडी, म्हणजे जाळ्यातून कासवाला बाहेर काढणारी चौकट, आधीच उपयोगी पडते: कोळंबी सळयांमधून खोल्यात जाते, कासव अडून फटीतून बाहेर पडतं. फटीतून मोठी मासळीही निसटेल, ही तांडेलाची भीती अगदी खरी आहे, कारण हप्ता त्यालाच भरायचाय. म्हणूनच ट्रॉलरचं कर्ज मंजूर करताना चौकट त्यातच धरावी, सुरुवातीच्या हंगामातली तूट अनुदानातून भरून द्यावी, आणि बंदरावर उतरलेल्या टनांत कुटा किती, हेही त्याच फायलीत लिहावं.